गार्डसाहेबांचं एका तासाचं भाषण

शेषराव तायडे बोलायला लागले की थांबत नाहीत, हे जयपुरातल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. मला जरा जास्त ठाऊक आहे. आमच्या मराठी मंडळाची सचिव मी आहे आणि लांबण लावणाऱ्या वक्त्यांच्या हातून माईक काढून घ्यायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात पडलंय. त्याआधी मी विमा कंपनीत होते. दोन्हीकडे काम एकच: पुढे काय बिघडणार आहे ते आधी ओळखायचं आणि कोणी ऐकलं नाही की चिडायचं.

शेषराव मूळचे मूर्तिजापूरचे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून लागले, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. आता रेल्वेने गार्डांना ट्रेन मॅनेजर असं भारदस्त नाव दिलंय, पण शेषरावांना ते खपत नाही. "मॅनेजर हॉटेलात असते," ते म्हणतात. "गाडीले गार्ड लागते."

निवृत्तीनंतर त्यांचे सोबती दुर्गापुऱ्यात फ्लॅट बघत फिरत होते. ह्या गृहस्थांनी त्याच दुर्गापुऱ्यातल्या शेती संशोधन केंद्रात जाऊन मधमाश्या पाळायचं प्रशिक्षण घेतलं आणि टोंक रोडला, चाकसूच्या अलीकडे, जमिनीचा एक उजाड तुकडा घेतला. त्यावर एक खेजडीचं झाड होतं, बाकी वाळू. त्यांच्या पत्नीने, इंदुताईंनी, ती जमीन पाहून एवढंच विचारलं होतं, "इथं राहाचं? माणसं कुठी आहेत?"

माणसं नंतर आली, आणि तीही गाड्या भरभरून. मुलगा नीरज मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून मधमाश्यांच्या पेट्यांच्या मागे लागला. हिवाळ्यात तो ट्रकमध्ये पेट्या लादून भरतपूरकडे मोहरीच्या शेतांत मुक्काम ठोकतो, मग जिकडे फुलं तिकडे जातो. सून सुवर्णा मध गाळते, बाटल्या भरते आणि पाहुण्यांना बाजरीची भाकरी करून वाढते. नात गौतमीने कॉलेज संपल्यावर ही सगळी मधमाश्यांची बाग फोनवर चढवली आणि दर रविवारी पाहुणे येऊ लागले. त्यांना दाखवायला म्हणून सहा पेट्या कायम घरीच असतात, खेजडीखाली, विटांवर मांडलेल्या, एका ओळीत. समोरच मोहरीचं शेत. पाहुण्यांनी पेट्या बघायच्या, भाकरीवर मध चाखायचा, बाटली घ्यायची आणि खूश होऊन घरी जायचं, असा साधा बेत होता. त्या बेतात शेषराव बसत नव्हते.

कारण फेरी शेषराव काढत. गार्डाचा पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी, काखेत हिरवी आणि लाल झेंडी. शिट्टी वाजवून, हिरवी दाखवून ते पाहुण्यांना घेऊन निघत आणि मूर्तिजापूरपासून सुरुवात करत. बडनेरा, भुसावळ, स्वतःची भरती, रेल्वेचे दिवे पूर्वी कसे होते आणि आता कसे आहेत, हे सगळं होऊन मधमाशी यायला पाऊण तास लागे. पुढे राणी माशी, कामकरी माशी, मधाचे प्रकार, डॉक्टर लोकांचं अज्ञान. आणि मग त्यांचा लाडका नियम, जो मीसुद्धा झोपेत म्हणून दाखवीन (त्यांच्या वऱ्हाडीत 'मधात' म्हणजे मध्ये, मधाशी संबंध नाही): "पेटी हलवाची तर तीन फूट, नाहीतर तीन मैल. मधात काही नाही. काहून? माशी पेटी नाही ओळखत, जागा ओळखते. सकाळी जिथून निघाली तिथंच वापस येते. तुम्ही पेटी चार पावलं सरकवली तरी तिच्यासाठी घर गायब!"

हे ऐकेपर्यंत लहान मुलं रडायला लागलेली असत आणि मोठी माणसं बाथरूम शोधत असत. फोनवर पाहुणे आपलं मत लिहून जात. त्यातलं एक गौतमीने मला दाखवलं होतं: "शहद पाँच तारे. दादाजी एक तारा, वह भी इसलिए कि बीच में पानी पिलाया."

एकदा मी मध आणायला गेले तर गौतमीने मला तटस्थ साक्षीदार म्हणून बसवूनच घेतलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खाटेवर शेषराव, हाताची घडी घालून.

"आजोबा, लोक बोर होतात," गौतमी म्हणाली. तिचं मराठी असं हिंदीच्या काठीला टेकून चालतं. "मतलब, मला तुमचा इन्सल्ट नाही करायचा. पण एक तास. बस एक तास. पुढच्या संडेला रत्नाताईंचं मंडळ येणार आहे. तुम्ही एक तासात संपवलं तर फेरी तुमची. नाही संपवलं तर झेंडी माझी."

"अन् मी काय करू?"

"बाटल्यांवर लेबल लावा. बसून करायचं काम आहे."

शेषराव माझ्याकडे वळले. "रत्नाताई, मालगाडीच्या गार्डाले बोलाले कोण भेटते, तुम्हाले माहीत आहे? शेवटचा डबा. पुढं सारा कोळसा, त्याच्यापुढं ड्रायव्हर. स्टेशनवर गाडी थांबत नाही, थांबली तर जंगलात थांबते. सारी नोकरी मी झेंडी दाखवली, बोललो कोणाशीच नाही. आता कुठं माणसं समोर उभी राहातात, तर ही पोरगी म्हणते लेबल लावा."

मला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण आमच्या मंडळाचं सरासरी वयही मला माहीत होतं, आणि एवढी माणसं तिथे दोन तास उभी राहिली तर कोणाकोणाचे गुडघे जाणार तेही. मी म्हटलं, "एक तास पुष्कळ होतो, शेषराव." ते चक्क बरं म्हणाले. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठवडाभर हा माणूस भाषण कमी करायला बसला, असं सुवर्णाने नंतर मला सांगितलं. मूर्तिजापूर काढून बघितलं, पुन्हा घातलं. भुसावळ काढवेना. रेल्वेचे दिवे तर काढायचा प्रश्नच नव्हता. शेवटी शनिवारी त्यांना सुचलं की वेळ भाषणात जात नाही, वेळ चालण्यात जातो! पत्र्याच्या शेडपासून खेजडीपर्यंत पाहुणे रमतगमत जातात, फोटो काढतात, चप्पल काढून काटा बघतात. तेव्हा भाषण आहे तेवढंच ठेवायचं आणि रस्ता कमी करायचा. रेल्वेने माणूस असा घडवला होता की उशीर झाला तर तो प्रवाशांना दोष देत नाही, प्लॅटफॉर्म बदलतो.

रविवारी उजाडायच्या आत, थंडीत माश्या पेटीत गुडूप असताना, त्यांनी रेल्वेच्या लिलावात घेतलेल्या सामानाच्या हातगाडीवर एकेक पेटी चढवली आणि सहाच्या सहा शेडला आणून लावल्या. तीन फूट नाही, तीन मैल नाही, बरोब्बर मधात. आपलाच नियम ते विसरले होते असं नाही. आभाळ होतं, थंडी होती, मंडळ सकाळी लवकर येणार होतं. ऊन पडून माश्या बाहेर पडायच्या आत एक तास आटपेल आणि संध्याकाळी पेट्या परत जागेवर, असा त्यांचा हिशेब. मग ते दाढी करायला आणि गणवेशाला इस्त्री करायला घरात गेले.

तेवढ्यात तंबूवाला खुर्च्या घेऊन आला. खुर्च्या नेहमी शेडजवळ लागतात. तिथे पेट्या. मग त्याने इकडे तिकडे पाहिलं, तर खेजडीखाली छान सपाट, सावलीची जागा रिकामी. त्याने मधल्या विटा बाजूला केल्या, सतरंजी अंथरली आणि ओळीने खुर्च्या मांडून तो निघून गेला. गौतमी फोनवर पाहुण्यांना रस्ता सांगत होती. सुवर्णा चुलीपाशी होती. तिने पाहिलं ते एवढंच, की आज मांडणी वेगळी आणि फार सुरेख दिसतेय.

आता मंडळ लवकर का आलं नाही ते सांगायला हवं. आदर्श नगरमधून बस वेळेवर निघाली होती. सांगानेर ओलांडल्यावर माझे यजमान उमाकांत यांना आठवलं की गिझर चालूच राहिलाय. मी म्हटलं, जळू दे. पण मंडळातल्या सगळ्यांनी आपापल्या गिझरची आठवण काढली आणि बस मागे फिरली. गिझर बंद होता. तो मीच बंद केला होता आणि तसं बसमध्ये दोनदा सांगितलंही होतं. आम्ही चाकसूकडे पोचलो तेव्हा आभाळ साफ झालं होतं आणि मोहरीवर असं लख्ख ऊन पडलं होतं की सगळे वा वा करत खाली उतरले.

सगळ्यांनी थेट खुर्च्या गाठल्या. उमाकांत सर्वांत पुढे, पिवळा स्वेटर घालून. शेषराव इतका वेळ घरात भाषण घोकत बसले होते, ते झेंड्या घेऊन बाहेर आले, शिट्टी ओठांशी नेली आणि खुर्च्या पाहून तशीच धरून उभे राहिले. विमा कंपनीत असे चेहरे मी बरेच पाहिले आहेत.

मी पहिल्या रांगेत बसले होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "रत्नाताई, या सगळ्यांले तिथून उठवा."

"का? आत्ता तर बसलेत."

"ती जागा त्यांची आहे."

"कोणाची?"

त्यांनी हिरवी झेंडी मोहरीच्या शेताकडे केली.

आधी आवाज आला. मग त्या आल्या. एकेक, दहा-दहा, मग मोजदाद सोडून द्यावी इतक्या. पायांना पिवळे पराग लावून, पोटं भरून, घरी परत. आणि घर नाही! त्या खेजडीखाली गरगर फिरू लागल्या, खुर्च्यांच्या पाठींवर बसू लागल्या, पर्सवर, टोप्यांवर, आणि उमाकांतच्या पिवळ्या स्वेटरवर तर भलत्याच आपुलकीने. कोणीतरी किंचाळणार, हात झटकणार, आणि मग काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

शेषरावांनी लाल झेंडी उघडली आणि डोक्यावर धरली. "बसले तसे बसा," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "कोणी हात हालवू नका. त्या रागात नाहीत, घर शोधून राहिल्या. उठू नका."

आश्चर्य म्हणजे मंडळाने ऐकलं. आमच्या मंडळाने आजवर माझं कधी ऐकलेलं नाही. इंदुताई लिंबूमधाच्या पाण्याचे ग्लास घेऊन नेमक्या पहिल्या रांगेपाशी पोचल्या होत्या, त्यांच्या पदरावर पाच-सहा माश्या उतरल्या, तशी गौतमी लांबून म्हणाली, "आजी, तिथेच बसून जा!" इंदुताई ताट मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. फेरी चालू असताना त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. नेहमी शेषराव बोलायला लागले की त्यांची भाजी खाली लागत असे आणि त्या उठून जात.

गौतमीने नीरजला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबांनी पेट्या हलवल्या?" नीरज म्हणाला. "बाबांनी? तीन मैलवाल्या बाबांनी?" "ऐक. एक पेटी उचल आणि वापस जुन्या जागेवर ठेव, लोकांच्या मध्येच. जातील आत हळूहळू, टाइम लागेल. तोपर्यंत कोणी हलायचं नाही. लोकांना धरून ठेव. बाबांना सांग, बोलत राहा."

गौतमीने फोन ठेवला. दुसऱ्या हातात तिचं घड्याळ तयार होतं, एक तास मोजायला लावलेलं. ते तिने खिशात घातलं.

"आजोबा, बोला," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"जितका वेळ पाहिजे तितका."

गौतमी आणि सुवर्णा जाळीच्या टोप्या घालून हातगाडीवरून एक पेटी घेऊन आल्या. दोन रांगांच्या मधोमध विटा लावल्या आणि पेटी त्यांवर ठेवली, उमाकांतच्या गुडघ्यापासून वीतभर. उमाकांत देवाचं नाव घेत होते. एरवी ते नास्तिक आहेत.

आणि शेषराव गप्प. हवे तेवढे श्रोते, हवा तेवढा वेळ, कोणीही उठून जाऊ शकत नाही. अशी सभा कुठल्या वक्त्याला मिळते! आणि ह्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. मी आयुष्यात पहिल्यांदा एका वक्त्याला म्हटलं, "बोला हो, थांबलात का?"

मग ते बोलले. मूर्तिजापूर नाही, दिवे नाहीत. माश्या बिथरू नयेत म्हणून अगदी हळू बोलत होते, आणि हळू बोलणारे शेषराव मला नवीनच होते.

"असाच मोहरीचा हंगाम होता," ते म्हणाले. "बांदीकुईच्या जवळ लूप लाइनले, बाजूच्या रुळावर, गाडी टाकली. कोळशाची गाडी. चार तास झाले, सिग्नल नाही. मी आपला शेवटच्या डब्यात. डबा म्हणजे एक बाक अन् एक दिवा. तर खिडकीतून थवाच आला. सारा डबा भरला. मी कोपऱ्यात बसून राहिलो, जसे तुम्ही बसले आता. वाटलं, गेलो आपण. पण त्या बाकाखाली जाऊन लटकल्या, अशा घागरीवाणी. अन् सिग्नल भेटला. आता गाडी चालली तर गार्डाले उतरता येत नाही. मंग आम्ही सोबतच निघालो."

कोणी हसलं नाही. पेटीच्या तोंडाशी माश्यांची रांग लागली होती.

"मी त्यायले म्हटलं, बावा, आता दौसा येईल. दौसा गेलं. म्हटलं, आता जयपूर येईल, इथं माझं घर आहे, बायको आहे, पोरगं आहे लहान. थांबत नाही गाडी, पण दाखवतो तुम्हाले. अंधारात क्वार्टरचे लाइट दिसतात, त्यातला आपला कोणता ते दाखवलं. किती वर्षं त्या डब्यातून जात होतो मी, पण कोणाले तरी दाखवलं ते त्या दिवशी. एकदाच डोळ्याजवळ चावली एक. माझीच चूक, हात हालवला."

माझ्या शेजारी इंदुताई एकदम ताठ बसल्या. "मले तर म्हणे डास चावला!"

शेषराव हळूच सतरंजीच्या कडेवर टेकले.

"एवढा मोठा डोळा सुजला होता," इंदुताई मला सांगू लागल्या, म्हणजे सगळ्यांनाच. "आठ दिवस हळद लावली मी. म्हटलं असा कसा डास? तर म्हणे फुलेऱ्याचे डास मोठे असतात. मी अजून फुलेऱ्याले जात नाही!"

आता मात्र सगळी खेजडी हसली, पण हात न हलवता, तोंड मिटून, खुर्च्या गदगदत. इंदुताई हसत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "आमचा लाइट दाखवला त्यायले," त्या म्हणाल्या. "अन् मले कधी सांगतलं नाही."

"घरी आलो की झोप येत होती," शेषराव म्हणाले. "अन् मंग तुह्या भाजीची वेळ होत होती."

पुढे काय झालं ते सांगायला ते पुन्हा उभे राहिले. गाडी जयपूरच्या पुढे फुलेऱ्याला पोचली, तिथे त्यांची ड्युटी संपणार होती, दुसरा गार्ड यायचा होता आणि बाकाखाली घागर तशीच लटकलेली होती. एवढ्यात गौतमी म्हणाली, "गेल्या! सगळ्या आत गेल्या!" आणि इतका वेळ दाबून धरलेली सगळी माणसं एकदम उठली, काही भाकरीकडे धावली आणि बरीचशी बाथरूमकडे. "मंग?" असं इंदुताईंनी विचारलं, पण त्या गोंधळात ते कोणाला ऐकू गेलं नाही. एकूण नुकसान एवढंच, की सगळं निभावल्यावर उमाकांत हुश्श करून परत खुर्चीत बसले आणि त्या खुर्चीवर एक माशी होती. बस जयपूरला पोचेपर्यंत ते उभे राहिले. हे कुठल्याही पॉलिसीत बसत नाही.

निघताना मी पाहिलं, शेषरावांनी दोन्ही झेंड्या गुंडाळल्या, गळ्यातली शिट्टी काढली आणि सगळं गौतमीच्या हातात दिलं.

"तास केव्हाचाच झाला," ते म्हणाले. "अन् नियम मीच मोडला. गार्डाने नियम मोडला तर त्याले गाडी देत नाहीत."

मला वाटलं होतं ती नको नको करेल. तिने झेंड्या घेतल्या, नीट बघितल्या आणि आजोबांना कडक सलाम ठोकला. मला पोरगी आवडली. शेषराव मात्र शेडकडे लेबलं लावायला गेले ते मागे न बघता, आणि ते पाठमोरं जाणं मला बसमध्ये बसल्यावरही सलत राहिलं. आपण एका माणसाच्या तोंडचा घास काढला, असं वाटत राहिलं.

दोन-तीन आठवड्यांनी मध संपल्याचं निमित्त करून मी परत गेले. गौतमीची फेरी जोरात होती. तासाच्या आत संपली, मुलं रडली नाहीत, बाटल्या भराभर खपल्या. शेडमध्ये लेबलं तशीच पडली होती आणि शेषराव तिथे नव्हते. मी सुवर्णाला विचारलं, तर ती हसली आणि हनुवटीने खेजडी दाखवली.

पेट्या आपल्या जुन्या जागी, विटांवर, एका ओळीत होत्या. त्यांच्यापासून जरा अंतरावर दोन खुर्च्या. एकीवर इंदुताई मटार सोलत बसल्या होत्या. दुसरीवर शेषराव, साध्या सदऱ्यात, हातवारे करत, पण हळू आवाजात. चुलीवर काय लागत होतं देव जाणे, त्या उठत नव्हत्या.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय इंदुताई, कुठवर आली गाडी?"

"अजून फुलेऱ्यालेच उभी आहे," त्या म्हणाल्या, आणि मटारची एक शेंग शेषरावांच्या हातात दिली. "राहू द्या. मले घाई नाही."